राखेतील सूक्ष्म पारद : मापनाची रीत आणि आपल्या अहवालाचा अर्थ

पारदाच्या नैसर्गिक दोषांची गणना करताना रसशास्त्रात नाग, वंग, मल, वह्नी, विष व गिरी यांच्या जोडीला चांचल्य आणि असह्याग्नी हे दोन दोष सांगितले आहेत. पारद एका ठिकाणी ठरत नाही आणि अग्नी सहन करीत नाही, हे आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. विशेष हे की, आज ज्या आधुनिक प्रयोगशाळांत पाऱ्याचे अतिसूक्ष्म मापन चालते, तेथील रसायनतज्ज्ञाची सारी धडपडदेखील याच दोन दोषांशी असते. लक्षावधी रुपयांचे यंत्र हाताशी असूनही, नमुन्यातील पारा यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच उडून गेला वा पात्राच्या भिंतीला चिकटून बसला, तर अहवालात उमटणारा आकडा निरर्थक ठरतो.

हा विषय आपल्या व्यवसायाशी किती निगडित आहे हे फार्मसीचालकांस सांगणे न लगे. एकाच बॅचचे दोन प्रयोगशाळांकडून दोन अहवाल येतात. एकात ‘पारा आढळला नाही’ असे लिहिलेले असते, तर दुसऱ्यात मर्यादेहून अधिक आकडा असतो. सोयीचा अहवाल फायलीत लावून गैरसोयीचा बाजूला सारण्याचा मोह अशा वेळी होऊ शकतो. परंतु त्या आकड्याच्या मागे निर्यातीचा माल, परवाना आणि या सर्वांहून महत्त्वाचा असा रुग्ण उभा असतो. यास्तव आकडा कसा जन्माला येतो हे प्रत्येक वैद्याने व औषधनिर्मात्याने समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रस्तुत लेखात औष्णिक वीज केंद्राच्या राखेचे उदाहरण प्रथम घेतले आहे. राखेतील सूक्ष्म पाऱ्याचा अतिशय काटेकोर अभ्यास या क्षेत्रात झाला असून, तेथील रीत आपल्या चूर्णांना व वटींनाही थोड्याफार फरकाने लागू पडते.

भट्टीतून निघालेल्या राखेत पारा उरतो कसा?

पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. वीज केंद्राच्या बाष्पकात कोळशाची भुकटी १३०० अंशांहून अधिक तापमानाला जळते. मग त्या राखेत पारा शिल्लक राहावाच कसा, अशी शंका कोणाही चिकित्सकाला यावी.

तिचे उत्तर कूपीपक्व रसायन करणाऱ्या वैद्याला चटकन उमगेल. दगडी कोळशात पारा अत्यल्प असतो. साधारणतः एका किलोग्रॅममध्ये एक दशांश मिलिग्रॅमच्या आसपास. कोळसा जळताच तो जवळजवळ सर्वच्या सर्व वायुरूप होतो. भट्टीच्या तळाशी पडणाऱ्या जड राखेत म्हणूनच पारा नाममात्र सापडतो. उरलेली बारीक राख धूम्रवायूबरोबर वर जाते. वायू थंड होऊ लागला की त्यातील क्लोरीनच्या संयोगाने काही पारा संयुगरूप धारण करतो. धूर स्थिरविद्युत अवक्षेपकापर्यंत येतो तेव्हा त्याचे तापमान दीडशे अंशांच्या आसपास उतरलेले असते. तेथे पाऱ्याचा काही अंश राखेतील न जळलेल्या कार्बनकणांवर बसतो आणि उरलेला चिमणीवाटे बाहेर पडतो. वालुकायंत्रातील कूपीत तलस्थ व कंठस्थ असा जो भेद आपण करतो, तोच येथे तळची राख आणि उडती राख यांच्यात दिसतो. उडत्या राखेतील पारा हा एका अर्थाने कंठस्थ पारा होय. न जळलेला कार्बन जितका जास्त, तितका असा पारा अधिक, हा सर्वसाधारण अनुभव आहे.

कोराडी, चंद्रपूर, परळी या परिसरात राहणाऱ्या वाचकांना ही राख नित्याची आहे. भारतीय कोळशात राखेचेच प्रमाण मोठे असल्याने तिचे ढीगही मोठे. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी जे मानदंड अधिसूचित केले, त्यांत पाऱ्याच्या उत्सर्जनालाही मर्यादा घातली गेली; आणि पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता करारास भारताने जून २०१८ मध्ये अनुसमर्थन दिले. राखेतील पारा मोजण्याची गरज अशा रीतीने उत्तरोत्तर वाढत गेली आहे.

अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी ही संस्था अशा राखेचे प्रमाणित नमुने बाटलीत भरून प्रयोगशाळांना पुरविते. त्यांपैकी १६३३ बी या क्रमांकाच्या राखेत एका किलोग्रॅममागे सुमारे ०.१४ मिलिग्रॅम पारा आहे, तर नंतर आलेल्या १६३३ सी या राखेत सुमारे १ मिलिग्रॅम. आपली रीत बरोबर आहे की नाही हे पाहण्यासाठी प्रयोगशाळा ही राख अज्ञात नमुन्यासारखीच तपासते आणि आकडा जुळतो का ते पाहते. किलोमागे एक मिलिग्रॅम म्हणजेच एक पीपीएम, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे एक पीपीबी, एवढी परिभाषा पुढील विवेचनासाठी पुरेशी आहे.

असह्याग्नी : नमुना जाळू नये

आपल्या द्रव्यपरीक्षणात एकूण राख आणि अम्ल-अविद्राव्य राख या परीक्षा सर्वपरिचित आहेत. मूषेत चूर्ण घेऊन मफल भट्टीत पांढरी राख होईपर्यंत तापवावयाचे व वजन करावयाचे. काही धातूंच्या मापनासाठीही नमुना असाच जाळून, राख आम्लात विरघळवून घेण्याची पद्धत आहे. तांबे वा लोह यांच्या बाबतीत ती चालून जाते.

पाऱ्याच्या बाबतीत मात्र हीच कृती घातक ठरते. उघड्या मूषेत ४५० वा ५०० अंशांवर ठेवलेल्या चूर्णातील पारा राख होण्याआधीच निघून गेलेला असतो. मागे उरलेली राख कितीही उत्तम यंत्राने तपासली तरी ‘पारा आढळला नाही’ हाच निष्कर्ष निघणार, आणि तो त्या राखेपुरता खराही असणार! अशा अहवालात कोणी खोटे लिहिलेले नसते. फक्त तपासलेली वस्तू औषध नसून औषधाचा अवशेष असतो. राखपरीक्षेतून उरलेली राख पाऱ्याच्या तपासणीसाठी कधीही पाठवू नये, हा या लेखातील पहिला व्यावहारिक नियम होय.

नमुना भट्टीत वाळविण्याबाबतही हीच सावधगिरी बाळगावी लागते. कोरड्या वजनावर निष्कर्ष हवा असेल तर ओलावा वेगळ्या हिश्शात मोजतात, आणि पाऱ्यासाठी घ्यावयाचा हिस्सा न तापविता तसाच घेतात.

नमुना विरघळविणे

यंत्राला द्रव लागतो. म्हणून सुमारे अर्धा ग्रॅम नमुना टेफ्लॉनच्या जाड, घट्ट बंद होणाऱ्या पात्रात आम्लासह घेऊन मायक्रोवेव्ह भट्टीत १८० ते २०० अंशांपर्यंत तापवितात. पात्र बंद असल्याने पाऱ्याला निसटण्यास वाट नसते. पात्र पूर्ण थंड होण्यापूर्वी उघडले तर ही सारी दक्षता वाया जाते. संपुट थंड होऊ न देता फोडणाऱ्या उतावळ्या शिष्याची आठवण येथे व्हावी.

आम्लाची निवड हा याहून महत्त्वाचा मुद्दा आहे. वनस्पतिज चूर्णासाठी नायट्रिक आम्ल पुष्कळसे काम करते. परंतु पारा गंधकाशी संयुक्त असेल, म्हणजे कज्जली, हिंगुळ वा रससिंदूर या रूपात असेल, तर तो नुसत्या नायट्रिक आम्लात सहजासहजी विरघळत नाही. त्याला नायट्रिक व हायड्रोक्लोरिक या आम्लांचे मिश्रण, म्हणजे अम्लराज लागतो. काळे सूक्ष्म कण पात्राच्या तळाशी राहिले, वरचा स्वच्छ द्रव यंत्राला दिला, की पारा पुन्हा अहवालातून निसटला. आपल्या फार्मसीत दूषण घडलेच तर ते बहुधा याच गंधकयुक्त रूपातील असणार. त्यामुळे कोणती आम्ले वापरली हा प्रश्न आपल्याला इतर उद्योगांपेक्षा अधिक जवळचा आहे. कोळशाच्या राखेत सिकता व ॲल्युमिना यांची काच झालेली असते. ती पूर्ण विरघळविण्यास हायड्रोफ्लोरिक आम्ल लागते. पारा मात्र मुख्यतः कणांच्या पृष्ठभागी व कार्बनवर असल्याने अम्लराजाने तो बव्हंशी सुटा होतो.

आता प्रमाण पाहू. १६३३ बी राखेचा अर्धा ग्रॅम घेतला तर त्यात पारा सुमारे ७० नॅनोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या अब्जांश भागाच्या सत्तर पट. तो ५० मिलिलिटर द्रवात गेला की द्रवातील प्रमाण दीड पीपीबीच्याही आत येते. वनस्पतिज औषधात पारा मर्यादेइतका, म्हणजे १ पीपीएम असेल, तर याच रीतीने द्रवात १० पीपीबी मिळतात. एवढे सूक्ष्म मापन तराजूच्या किंवा नेहमीच्या रासायनिक परीक्षांच्या आवाक्यातले नाही.

यंत्रात काय घडते?

या कामासाठी वापरली जाणारी रीत इंडक्टिव्हली कपल्ड प्लाझ्मा मास स्पेक्ट्रोमेट्री, संक्षेपाने आयसीपी-एमएस, या नावाने ओळखली जाते. तिचे पहिले यशस्वी निवेदन अमेरिकेतील आयोवा राज्यातील एम्स प्रयोगशाळेतून १९८० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९८३ पासून तयार यंत्रे बाजारात येऊ लागली.

द्रवाचे प्रथम अतिसूक्ष्म तुषार केले जातात. ते आर्गॉन वायूच्या ज्योतीसदृश प्लाझ्मात शिरतात. प्लाझ्माचे तापमान ६००० ते १०००० केल्विनपर्यंत असते. त्या उष्णतेत द्रव्याचे रेणू तुटून अणू सुटे होतात आणि अणूंतील एखादा इलेक्ट्रॉन निघून जाऊन ते विद्युतभारित होतात. हे भारित अणू छिद्रयुक्त शंकूंमधून निर्वात कक्षात ओढले जातात. तेथे चार दांड्यांमधील विद्युतक्षेत्र एका वेळी एकाच वस्तुमानाच्या अणूंना वाट देते व बाकीच्यांना बाजूला फेकते. पलीकडे पोहोचलेले अणू एकेक करून मोजले जातात. अणूंचे वजन करून त्यांची शिरगणती करणे, असे या क्रियेचे वर्णन करता येईल.

निसर्गातील पारा एकाच वजनाचा नसतो. त्याची सात स्थिर समस्थानिके आहेत : १९६, १९८, १९९, २००, २०१, २०२ व २०४. त्यांपैकी २०२ सर्वांत विपुल, सुमारे ३० टक्के. त्याखालोखाल २०० हे सुमारे २३ टक्के. मापनासाठी प्रायः हीच निवडतात. २०४ या वजनाचे शिसेही असते, तर १९६ व १९८ या वजनांचे प्लॅटिनम. म्हणून त्या वजनांवर विसंबत नाहीत.

येथेही पारा सहज वश होत नाही. त्याच्या अणूतून इलेक्ट्रॉन काढण्यास अधिक ऊर्जा लागते. त्यामुळे शिसे प्लाझ्मात जवळजवळ पूर्ण भारित होते, पण पाऱ्याचे निम्म्याहूनही कमी अणू भारित होतात व तेवढेच मोजणीस येतात. दुसरी अडचण तोतयांची. टंगस्टनचा अणू ऑक्सिजनशी जोडला गेला तर १८६ अधिक १६ म्हणजे २०२, आणि १८४ अधिक १६ म्हणजे २००, अशी नेमकी पाऱ्याची वजने तयार होतात. नमुना टंगस्टन कार्बाइडच्या पात्रात दळला असेल तर हा धोका विशेष संभवतो. म्हणून २००, २०१ व २०२ या तिन्ही वजनांवर मोजून, ती निसर्गातील प्रमाणातच येतात का, हे जाणकार रसायनतज्ज्ञ पाहतो. प्रमाण बिघडले तर मोजले गेले ते सर्व पारा नव्हे.

चांचल्य : चिकटणे आणि उडून जाणे

सौम्य द्रवातील पारा प्लॅस्टिकच्या नळ्यांना व काचेच्या कक्षाला चिकटतो आणि मागाहून सावकाश सुटत राहतो. यालाच यंत्राची स्मृती म्हणतात. एखादा पारदबहुल नमुना यंत्रातून गेला की पुढचे कित्येक निर्दोष नमुने त्याच्या पापाचे वाटेकरी होतात. कज्जलीयुक्त औषधाच्या मागोमाग आपले साधे त्रिफळाचूर्ण तपासले गेले, तर आकडा विनाकारण वर चढू शकतो.

यावर उपाय म्हणून धुण्याच्या द्रवात हायड्रोक्लोरिक आम्ल, तसेच सर्व द्रवांत अत्यल्प सुवर्ण मिसळतात. सुवर्णाचे नाव येताच मकरध्वजाच्या आरंभीची सुवर्ण-पारद पिष्टी डोळ्यांपुढे येईल. परंतु येथे पिष्टी होत नाही. द्रवरूप सुवर्णक्षार पाऱ्याला भारित, विद्राव्य अवस्थेत राखतो व धातुरूप होऊन उडू देत नाही. खरीखुरी पिष्टी होते ती एका निराळ्या यंत्रात. त्यात नमुना मुद्दाम तापवून निघालेली पाऱ्याची वाफ सुवर्णाच्या जाळीवर धरतात, मग जाळी तापवून पारा सोडतात व मोजतात. तेथे असह्याग्नी या दोषाचाच उपयोग करून घेतलेला आहे. केवळ पाराच मोजावयाचा असेल तर हीदेखील विश्वसनीय रीत आहे.

तयार द्रव साध्या पॉलिथिनच्या बाटलीत दीर्घकाळ ठेवल्यास पारा भिंतीत शिरतो वा आरपार जातो; उलट, खोलीच्या हवेत पाऱ्याची वाफ असेल तर ती बाटलीतही येऊ शकते. म्हणून काचेची किंवा टेफ्लॉनची बाटली वापरतात. यावरून फार्मसीचालकांनी एक बोध घ्यावा. ज्या खोलीत पारदाचे शोधन-मर्दन चालते, तेथे तपासणीचे नमुने काढू नयेत, भरू नयेत व ठेवू नयेत.

आकड्याची पारख

सुवर्णाला कस लागतो, तसा आकड्यालाही लावावा लागतो. पहिली कसोटी कोऱ्या द्रवाची. नमुना न घालता केवळ आम्ले त्याच सर्व पायऱ्यांतून नेऊन मोजली, तर किती पारा दिसतो हे पाहणे. दुसरी कसोटी प्रमाणित नमुन्याची, जिचा उल्लेख वर आलाच आहे. तिसरी भरपाईची. नमुन्यात आरंभीच पाऱ्याची ज्ञात मात्रा घालावयाची आणि शेवटी ती किती परत मिळाली ते पाहावयाचे. ती ८० ते १२० टक्क्यांच्या मर्यादेत असावी असा सर्वसामान्य संकेत आहे. १०० घातले व ३५ परत आले, तर बाकीचे कोठे गेले याचा शोध घेतल्याशिवाय अहवाल देणे योग्य नव्हे. मात्र भरपाईसाठी घातलेला पारा विद्राव्य क्षाराच्या रूपात असतो. त्यामुळे हिंगुळासारखे न विरघळलेले कण या कसोटीतूनही सुटू शकतात, हे लक्षात ठेवावे.

सर्वांत काटेकोर रीत समस्थानिक-विरलनाची. येथे २०१ या वजनाचे प्रमाण कृत्रिमरीत्या वाढविलेला पारा ज्ञात मात्रेत नमुन्यात मिसळतात. निसर्गात २०२ हे २०१ च्या सव्वादोन पटींहून किंचित अधिक असते. मिसळल्यावर हे गुणोत्तर बदलते, आणि किती बदलले यावरून मूळ पारा काढता येतो. दोन्ही पारे एकजीव झाल्यावर काही अंश उडून गेला तरी गुणोत्तर तेच राहते. नुकसान झाले तरी हिशेब चुकत नाही, हे या रीतीचे वैशिष्ट्य. ती खर्चिक असल्याने नित्याच्या तपासणीत क्वचितच वापरली जाते. परंतु वाद उत्पन्न झाल्यास न्यायनिवाडा करण्याची तिची योग्यता मोठी आहे.

अहवाल फार्मसीत आल्यावर

डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. त्यानंतर ऑक्टोबर २००५ मध्ये तत्कालीन आयुष विभागाने आदेश काढून, केवळ वनस्पतिज औषधांच्या निर्यातीसाठी १ जानेवारी २००६ पासून जड धातूंची तपासणी अनिवार्य केली. मर्यादा अशा : शिसे १० पीपीएम, आर्सेनिक ३, पारा १ आणि कॅडमियम ०.३. या मर्यादा वनस्पतिज औषधांसाठी आहेत. ज्यात पारद हाच घटक आहे अशा रसकल्पांत पाऱ्याचे प्रमाण टक्क्यांत असते; त्यांना ही मोजपट्टी लावण्यात अर्थ नाही.

वनस्पतिज औषधात पारा मर्यादेबाहेर आला की हवा, पाणी, जमीन, जवळचे वीज केंद्र यांना दोष देण्याची प्रवृत्ती दिसते. येथे थोडे गणित करून पाहावे. समजा, उघड्यावर वाळविलेल्या वनस्पतीवर तिच्या वजनाच्या १ टक्का एवढी उडती राख बसली. एक किलो वनस्पतीवर १० ग्रॅम राख म्हणजे डोळ्यांना सहज दिसणारा थर झाला. ती राख १६३३ बी सारखी धरल्यास तिच्यामुळे औषधात वाढणारा पारा अवघा ०.००१४ पीपीएम, म्हणजे मर्यादेचा सुमारे सातशेवा भाग. पारा अधिक असलेली १६३३ सी सारखी राख धरली तरी तो शंभरावा भाग होतो. याच १६३३ बी राखेत आर्सेनिक मात्र किलोमागे सुमारे १३६ मिलिग्रॅम आहे. म्हणजे १ टक्का राखेने औषधात १.३६ पीपीएम आर्सेनिक येईल, जे मर्यादेच्या निम्म्याजवळ जाते. राखेच्या धुळीची भीती बाळगावयाची असेल तर ती आर्सेनिकाची बाळगावी. केवळ पारा वाढलेला दिसत असेल तर बोट चिमणीकडे दाखविण्यात फारसे तथ्य नाही.

मग तो कोठून येतो? आता दुसरे गणित. समभाग कज्जलीत निम्मा भाग पारा असतो. ५० किलो चूर्णाच्या बॅचमध्ये १ पीपीएम पारा म्हणजे ५० मिलिग्रॅम. एवढा पारा केवळ १०० मिलिग्रॅम कज्जलीत असतो. रससिंदुरात पारा सुमारे ८६ टक्के असल्याने तेथे ५८ मिलिग्रॅम पुरे होतात. पल्व्हरायझरच्या कोपऱ्यात, बॉल मिलच्या गोळ्यांवर, चाळणीच्या जाळीत वा कामगाराच्या हातमोज्यावर चिमूटभरही नव्हे इतकी कज्जली मागे राहिली, तरी संपूर्ण ५० किलोंची बॅच मर्यादेला जाऊन भिडते. ज्या खलात वा यंत्रात रसकल्प घोटले जातात, त्यात वनस्पतिज औषध तयार न करणे हाच यावरील खरा उपाय होय. नुसते पुसून घेणे म्हणजे स्वच्छता नव्हे.

दोन अहवालांतील तफावतीचे एक निर्दोष कारणही येथेच सापडते. गंधकयुक्त पाऱ्याचा ५० मायक्रोमीटर व्यासाचा, म्हणजे केसाच्या जाडीएवढा, एक कण सुमारे अर्धा मायक्रोग्रॅम वजनाचा असतो. अर्धा ग्रॅम नमुन्यात असा एकच कण आला तर आकडा ०.९ पीपीएमने वाढतो. न आला तर शून्याजवळ राहतो. म्हणून एका डब्यातून काढलेल्या एका चमच्यावर विसंबू नये. बॅचच्या अनेक ठिकाणांहून नमुने घेऊन, ते एकत्र करून, बारीक व एकजीव करून, त्यातून निदान दोन-तीन हिस्से तपासून घ्यावेत. हिश्शांच्या आकड्यांत मोठे अंतर पडले तर तेच दूषण कणरूप असल्याचे लक्षण समजावे.

यंत्र काय सांगत नाही

आयसीपी-एमएसने मिळणारा आकडा एकूण पाऱ्याचा असतो. प्लाझ्मात शिरताच सर्व संयुगांची राखरांगोळी होत असल्याने, मुळात तो पारा हिंगुळरूप होता, रसकर्पूररूप होता की सेंद्रिय संयुगाच्या रूपात होता, हे या आकड्यावरून कळत नाही. संयुगाचे रूप जाणण्यासाठी क्ष-किरण विवर्तन, किंवा आधी घटक वेगळे करून मग मोजणे, अशा निराळ्या परीक्षा कराव्या लागतात; आणि शरीरात किती शोषण होते हा तर त्याहून वेगळा अभ्यास आहे. एकूण पारा आढळला एवढ्यावरून टीकाकाराने विषबाधा सिद्ध मानू नये. त्याचप्रमाणे आमचा पारा गंधकबद्ध आहे एवढे म्हणून आपणही त्याची निर्दोषता सिद्ध मानू नये. दोन्ही विधानांना स्वतंत्र पुरावा लागतो. जे औषध वनस्पतिज म्हणून रुग्णाच्या हाती दिले, त्यात मात्र न सांगितलेला पारा कोणत्याही रूपात असणे समर्थनीय नाही. रुग्णाने व वैद्याने तो स्वीकारलेला नसतो, आणि त्याची मात्राही कोणी ठरविलेली नसते.

प्रयोगशाळेस विचारावयाचे प्रश्न

वरील विवेचनाचे सार म्हणून पुढील प्रश्न प्रत्येक फार्मसीचालकाने नमुना देतानाच लेखी विचारावेत असे सुचवावेसे वाटते.

१. नमुना पाऱ्यासाठी उघड्यावर जाळला वा तापविला जातो काय? बंद पात्र वापरले जाते काय?

२. कोणती आम्ले वापरली जातात? हायड्रोक्लोरिक आम्लाचा समावेश आहे काय? तळाशी अवशेष राहिल्यास त्याचे काय केले जाते?

३. कोऱ्या द्रवाचा आकडा, प्रमाणित नमुन्याचा निष्कर्ष व भरपाईची टक्केवारी अहवालासोबत मिळेल काय?

४. ‘आढळला नाही’ म्हणजे किती पीपीएमच्या खाली? ही किमान मोजमर्यादा न लिहिता दिलेला असा शेरा निरुपयोगी होय.

५. किती स्वतंत्र हिस्से तपासले, आणि त्यांचे सुटे आकडे काय?

६. याच द्रवातून आर्सेनिकही मोजले जात असेल तर आर्गॉन व क्लोरीन यांच्या जोडीने तयार होणाऱ्या ७५ वजनाच्या तोतयाचे निवारण कसे केले जाते?

आपल्याकडूनही एक कर्तव्य आहे. नमुना रसकल्पाचा असेल तर तसे आधी व स्पष्ट शब्दांत कळवावे. न कळविता पाठविलेला एक रसकल्प प्रयोगशाळेचे यंत्र दूषित करतो, आणि त्याचे फळ दुसऱ्या एखाद्या व्यवसायबंधूच्या चूर्णाला भोगावे लागते.

पारदाचे अठरा संस्कार सांगणाऱ्या परंपरेचे आपण वारस आहोत. प्रत्येक संस्कारापूर्वी द्रव्याची परीक्षा आणि नंतर सिद्धिलक्षणांची परीक्षा ही त्या परंपरेची शिस्त आहे. कज्जली रेखापूर्ण झाली की नाही हे बोटांवर घासून पाहणाऱ्या वैद्याने, आपल्या नावाने बाजारात जाणाऱ्या चूर्णाचा अहवाल मात्र न वाचता फायलीत लावावा, हे त्या शिस्तीला साजेसे नाही. पुढच्या वेळी अहवाल हाती येईल तेव्हा आकड्याच्या आधी नमुना कसा विरघळविला ते पाहावे, आणि आकडा मर्यादेबाहेर असेल तर कोणाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या दळणखोलीचे दार उघडून पाहावे.